अर्ज नामंजूर झाला तर घरी बसू नका

(शेतकरी बांधवांच्या कार्यक्रमातील भाषण)
विस्तार अधिकारी (कृषी), बी. एस्सी. (कृषी)



या कार्यक्रमात आपण नेहमी बियाणे, खते, कीड आणि पाणी याविषयी बोलतो. आज मात्र पिकाविषयी बोलायचे नाही, कागदाविषयी बोलायचे आहे. ठिबकचे अनुदान असो, नुकसानभरपाई असो, पीक विमा असो की घरातला कर्ता माणूस अपघातात गेल्यावर मिळणारी मदत असो, आपण अर्ज करतो. कधी पैसे मिळतात, कधी अर्ज नामंजूर होतो. नामंजूर झाला की दहांतले आठ-नऊ जण कपाळाला हात लावून घरी जातात. ‘आपल्या नशिबात नव्हते’ म्हणतात. हे नशीब नव्हे. नामंजुरीच्या पुढेही वाट असते. तिला अपील म्हणतात. ती वाट कशी चालायची, तिच्यात काय सुधारणा झाल्या आणि काय व्हायला हव्यात, ते आज सांगतो.

आधी घरचेच उदाहरण घेऊ. बारामतीजवळच्या जळोचीच्या मार्केट यार्डात आपण भाजीपाला, फळे घेऊन जातो. अडत्याकडे माल उतरवला की आपण काय करतो? हिशेबपट्टी घेतल्याशिवाय निघतो का? पट्टीवर वजन, भाव, हमाली सगळे पाहतो. एखादा आकडा पटला नाही तर तिथल्या तिथे विचारतो. उसाच्या गाडीचेही तेच. कारखान्याच्या काट्याचा संशय आला तर दुसऱ्या काट्यावर वजन करून पाहावेसे वाटते. अपील म्हणजे हेच. पहिल्या काट्याने जे वजन दाखवले ते बरोबर की चूक, हे दुसऱ्या काट्यावर ताडून पाहणे. यात कोणाशी भांडण नाही, कोणाचा अपमान नाही. ज्या साहेबांनी नामंजूर केले त्यांच्याविरुद्ध ती फिर्यादही नव्हे.

पण दुसऱ्या काट्यावर जायचे तर पहिल्या काट्याची पावती हातात पाहिजे. इथेच आपले घोडे अडते.

एक गोष्ट सांगतो. सांगताना मला लाज वाटते, पण सांगतो. मी नोकरीला लागलो ते नवे दिवस होते. तेव्हा मी दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या कार्यालयात होतो. एक ताई आल्या. रात्रीची लाईट होती म्हणून मालक विहिरीवर मोटार चालू करायला गेले आणि शॉक लागून गेले. त्या वेळी शेतकऱ्यांसाठी अपघात विमा योजना होती. ताईंना ती कोणी सांगितलीच नव्हती. दिवसकार्य, पोरांची शाळा, वारसाची नोंद यात महिने निघून गेले आणि मग त्या कागद घेऊन आल्या. मी तारीख पाहिली आणि म्हणालो, “ताई, मुदत गेली. आता काही होणार नाही.” त्यांनी कागदांची पिशवी उचलली आणि गेल्या. मी अर्ज घेतला नाही, नोंद केली नाही, काही लिहून दिले नाही.

पुढे दोन-अडीच वर्षांनी मी त्या योजनेचे कागद नीट वाचले. सबळ कारण असेल तर उशिराचा दावाही घ्यायचा, अशी त्यात सोय होती. उशीर झाला एवढ्याच कारणावरून नाकारलेले अशा योजनेतले दावे ग्राहक मंचांनी मंजूर केल्याचीही उदाहरणे होती. मी ताईंच्या गावी गेलो. पण ग्राहक मंचात जायची मुदत दोन वर्षांची, ती टळून गेली होती. शिवाय त्यांच्याजवळ नकाराचा एकही कागद नव्हता. मी बोललो होतो, लिहिले नव्हते. तोंडी नकार कोणत्या तारखेचा, कोणी दिला, का दिला, हे त्या कुठे दाखवणार? त्या मला एवढेच म्हणाल्या, “साहेब, तवा लिहून दिलं असतं तर मी कुणाला तरी दाखवलं असतं.”

बंधू-भगिनींनो, म्हणून आजच्या भाषणातली पहिली गोष्ट गाठ मारून ठेवा. तोंडी नकाराला अपील नसते. ‘होणार नाही’ असे कोणी म्हटले तर हात जोडून म्हणा, “साहेब, अर्ज ठेवून घ्या, पोच द्या, आणि नाही म्हणायचे ते लिहून द्या.”

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या राज्यात २०१५ साली महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम झाला. जी सेवा या कायद्याखाली अधिसूचित केली आहे ती ठरावीक दिवसांत मिळणे हा आपला हक्क झाला. कार्यालयाने सेवांची यादी, प्रत्येक सेवेचे दिवस, देणारा पदनिर्देशित अधिकारी आणि अपील ऐकणारे अधिकारी यांचा फलक लावायचा असतो. अर्ज दिल्यावर पोच द्यावी लागते. नामंजूर केला तर कारण लेखी कळवावे लागते. त्याच कागदात अपील किती दिवसांत आणि कोणाकडे करायचे हेही सांगावे लागते. म्हणजे त्या ताईंच्या बाबतीत मी जे केले तसे या सेवांच्या बाबतीत आता कोणालाही करता येत नाही.

या कायद्याच्या अपिलाच्या तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी : अर्ज नामंजूर झाल्यापासून किंवा सेवेची मुदत टळल्यापासून ३० दिवसांत त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील.

दुसरी पायरी : तिथला निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत त्याहून वरच्या अधिकाऱ्याकडे दुसरे अपील.

तिसरी पायरी : तिथेही समाधान झाले नाही तर ६० दिवसांत राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील. आयोगाचे मुख्य कार्यालय मुंबईला आहे आणि पुण्यासह महसूल विभागांसाठी वेगळे आयुक्त आहेत.

पुरेसे कारण नसताना सेवा दिली नाही असे ठरले तर संबंधित अधिकाऱ्याला ५०० रुपयांपासून ५,००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. आणखी एक ध्यानात घ्या. उत्तर न देता नुसते बसवून ठेवणे हेही अपिलाचे कारण आहे. ‘नाही’ म्हटले नाही म्हणून वाट पाहत बसू नका. दिवस मोजा.

पण हा कायदा सगळ्या योजनांना लागू आहे असे मात्र समजू नका. तो अधिसूचित सेवांना लागू आहे. दाखले, उतारे, नोंदी, परवाने अशा पुष्कळ सेवा त्यात येतात. अनुदानाच्या आणि मदतीच्या योजनांना बहुधा आपापले शासन निर्णय असतात आणि तक्रारीची वाट त्यात लिहिलेली असते. म्हणून प्रत्येक योजनेचा जिना वेगळा. हीच शेतकऱ्याची खरी अडचण आहे. आता त्यातले नेहमीचे काही जिने पाहू.

सातबारा आणि फेरफार. पुष्कळ अर्ज इथेच अडतात. आधार कार्डावर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरे, बँकेच्या पासबुकावर तिसरे. वडील जाऊन दहा वर्षे झाली तरी वारसनोंद नाही. अशा वेळी योजनेच्या नावाने ओरडून उपयोग नाही, मूळ दुखणे बरे केले पाहिजे. लिहिण्यातली चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. फेरफाराचा निर्णयच मान्य नसेल तर प्रांत साहेबांकडे ६० दिवसांत अपील करता येते. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांचे प्रांत कार्यालय बारामतीलाच आहे, तेव्हा त्यासाठी पुण्याला जायचे कारण नाही. आणि २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. तो काढतानाच नाव आणि गट नंबर तपासून घ्या. मुळात चूक राहिली तर ती प्रत्येक योजनेत तुमच्या मागे येते.

अतिवृष्टी आणि गारपिटीचे नुकसान. पूर्वी पिकाचे ५० टक्के नुकसान असेल तरच मदत मिळे. २०१५ पासून ही मर्यादा ३३ टक्क्यांवर आली. तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, कृषी सहायक म्हणजे आताचे सहायक कृषी अधिकारी आणि ग्रामसेवक म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी असे मिळून पंचनामा करतात. यादीत नाव नसेल तर वर्षभराने नव्हे, यादी लागली की आठवड्याच्या आत तहसीलदारांकडे लेखी हरकत द्या. पीक उभे आहे तोवर पाहणी होऊ शकते. रान नांगरून ज्वारी पेरल्यावर बाजरीचे नुकसान कोण मोजणार? म्हणून गट नंबर, तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवा आणि शेजाऱ्याची सही घ्या.

पीक विमा. ज्या हंगामात शेतपातळीवरच्या आपत्तीचे कलम लागू असते त्या हंगामात नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते. सूचना दिल्यावर मिळणारा नंबर हीच तुमची पोच. हंगामाच्या सुरुवातीलाच कोणते कलम लागू आहे ते विचारून घ्या, कारण नियम बदलतात. पीक कापणी प्रयोगावरून भरपाई ठरते तेव्हा हिशेब तुमच्या एकट्याच्या रानाचा नसून महसूल मंडळाचा असतो. तक्रार तालुका समितीकडे, मग जिल्हा समितीकडे नेता येते. एकाच मंडळातल्या दहा-वीस जणांची एकच तक्रार असेल तर वेगवेगळे हेलपाटे घालू नका. एकत्र अर्ज द्या, खाली प्रत्येकाचा गट नंबर आणि अर्ज नंबर लिहा.

अपघाताची मदत. मघाशी ज्या योजनेची गोष्ट सांगितली तिच्यात मोठी सुधारणा झाली आहे. २००५ साली विम्याच्या रूपाने ती सुरू झाली. दावा मंजूर करायचा की नाही हे विमा कंपनी ठरवी. कधी वाहनाचा परवाना नाही, कधी शवविच्छेदनाचा अहवाल नाही, कधी उशीर झाला, अशा कारणांनी दावे परत येत आणि विधवा बायांना ग्राहक मंचाची पायरी चढावी लागे. २०२३ साली शासनाने कंपनीला मधून काढले आणि गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आणली. आता तालुक्यात तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालची समिती निर्णय घेते. मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. वय १० ते ७५ वर्षे. खातेदार आणि कुटुंबातला एक सदस्य असा लाभ आहे. सर्पदंश, विजेचा धक्का, वीज पडणे, विहिरीत पडणे, रस्त्यावरचा अपघात, ही सगळी कारणे यात येतात. सुधारणा अशीही होते, हे ध्यानात ठेवा. अपिलाची पायरी वाढवण्यापेक्षा नकाराचे कारणच काढून टाकणे केव्हाही चांगले.

दुसरी एक चांगली पद्धत महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत दिसली. २०२० साली याद्या लागल्या तेव्हा शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन अंगठा द्यायचा आणि कर्जाची रक्कम मान्य आहे की नाही ते सांगायचे, अशी सोय होती. मान्य नाही म्हटले की प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जाई. शेतकऱ्याने वेगळा अर्ज शोधत फिरायचे नाही, ‘मला मान्य नाही’ एवढे म्हणायचे. तक्रारीची वाट अशी दाराशी असावी.

आता थोडे परखड बोलतो. धोरण ठरवणे माझ्यासारख्याचे काम नाही. पण टेबलाच्या या बाजूला बसून जे दिसते ते सांगणे माझे काम आहे.

आज पुष्कळ अर्ज संगणकावर होतात. पूर्वी साहेबाच्या तोंडून नकार येई, आता पडद्यावर ‘अर्ज रद्द’ असे दोन शब्द येतात. का रद्द, कोणत्या नियमाने रद्द, हे पुष्कळदा कळत नाही. त्रुटीचा संदेश जुन्या मोबाईल नंबरवर जातो आणि शेतकऱ्याला कळायच्या आत मुदत सरते. तक्रार केली तर ती फिरून त्याच टेबलावर येते जिथे अर्ज रद्द झाला. ज्या काट्यावर वजन कमी भरले त्याच काट्यावर पुन्हा गाडी चढवून काय होणार?

म्हणून माझ्या मते चार गोष्टी व्हायला हव्यात. एक, कोणतीही योजना असो, नकाराचा एक साधा मराठी कागद मिळावा आणि त्यावर कारण, नियम, तारीख आणि अपिलाचा अधिकारी लिहिलेला असावा. दोन, अपिलाचे दिवस तो कागद शेतकऱ्याच्या हातात पडल्यापासून मोजावेत. तीन, ज्याने नाकारले त्याने अपील ऐकू नये, आणि सुनावणी तालुक्याला व्हावी. जळोचीहून पुणे शंभर किलोमीटरच्या आसपास पडते, आणि एका तारखेला एक रोजगार बुडतो. चार, एकाच कारणाने शंभर अर्ज रद्द झाले आणि त्यातल्या एकाचे अपील मंजूर झाले तर उरलेल्या नव्व्याण्णवांचे अर्ज आपोआप पुन्हा तपासावेत. आज जो भांडतो त्याचेच काम होते. मुकाट बसणाऱ्याचे, आणि विशेषतः बायाबापड्यांचे, राहून जाते.

हे आपोआप होणार नाही. ग्रामसभेत हा विषय घ्या आणि ठराव करून पंचायत समितीकडे पाठवा. जळोची आता बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आले आहे, तिथे ग्रामसभा नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी नगरसेवकांकडे आणि तहसील कार्यालयात एकत्र निवेदन द्यावे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. तिथे आधी अर्ज द्यावा लागतो, आणि ज्याचे अपील चालू आहे असे प्रकरण तिथे घेत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा.

कारणच कळले नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ कामाला येतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून ‘माझ्या अर्जावरील टिपणीची आणि निर्णयाची प्रत द्यावी’ असे मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. पण माहिती मागितली म्हणजे अपील झाले असे नव्हे. अपिलाचे दिवस तिकडे चालूच राहतात. म्हणून दोन्ही कागद एकदमच द्या.

अपिलाचा अर्ज वकिलाकडूनच लिहून घ्यावा असे नाही. पोराला वही घेऊन बसवा आणि असा लिहायला सांगा :

“मा. अपिलीय अधिकारी साहेब, यांसी. मी अमुक, राहणार अमुक, गट नंबर अमुक. मी अमुक तारखेस अमुक योजनेसाठी अर्ज केला, त्याची पोच क्रमांक अमुक. तो अमुक तारखेच्या पत्राने अमुक कारणासाठी नामंजूर झाला. ते पत्र मला अमुक तारखेस मिळाले. सदर कारण मला मान्य नाही, कारण (इथे दोन-तीन ओळींत खरे ते लिहावे). पुरावा म्हणून पुढील कागद जोडले आहेत. तरी निर्णय बदलून लाभ मिळावा आणि निर्णयापूर्वी मला समक्ष म्हणणे मांडू द्यावे, ही विनंती.”

एवढे पुरे. ‘अन्याय झाला, अत्याचार झाला’ अशी पानेच्या पाने भरू नका. ज्या कारणाने नाकारले त्या कारणालाच उत्तर द्या. जमीन कमी दाखवली म्हणून नाकारले तर आठ-अ जोडा, कर्जाच्या गोष्टी सांगू नका. खोटे तर मुळीच लिहू नका. एक खोटा कागद सगळे खरे कागद बुडवतो. आणि नकार योग्य असेल तर तोही मान्य करा. अपात्र असताना लाभ घेतला तर पैसे परत भरावे लागतात, हे पीएम किसान योजनेत आयकर भरणाऱ्या पुष्कळांनी अनुभवले आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा :

१. अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर तारीख, शिक्का आणि आवक नंबर घ्या.
२. नकार लेखी मागा. मिळाल्याची तारीख पाकिटावरच लिहून ठेवा.
३. अपिलाची मुदत पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर खूण करून ठेवा. उशीर झालाच तर कारण लिहून अर्ज द्या, मागे फिरू नका.
४. मूळ कागद कोणाला देऊ नका, प्रती द्या.
५. मोबाईल नंबर बदलला तर योजनेच्या नोंदीतही बदला.
६. अपिलाला एजंट लागत नाही. ‘करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.
७. सगळे कागद एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी कुठे आहे ते घरच्या बाईमाणसाला सांगून ठेवा.

हे शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे. मालक असेपर्यंत कागद मालकाला ठाऊक असतात. तो गेला की कारभारणीला सातबारा कोणत्या ट्रंकेत आहे इथून सुरुवात करावी लागते आणि तेवढ्यात मुदत निघून जाते. तेव्हा आज हे भाषण ऐकून किंवा हे पत्रक वाचून झाले की कागदांची पिशवी काढा. घरात दोघांनी मिळून ती एकदा पाहा. वारसनोंद राहिली असेल तर याच आठवड्यात अर्ज द्या.

आणि आमच्यापैकी कोणी ‘होणार नाही’ असे तोंडी म्हणाले तर रागावू नका, घाबरू नका. हातातला कागद पुढे करा आणि म्हणा, “साहेब, तेवढे लिहून द्या.” मला त्या ताईंनी हे म्हटले असते तर फार बरे झाले असते.

राम राम मंडळी.